गाडीवाल्यांची पत्रं: तुमच्या आजोबांची डॉज जन्मापासून उजव्या स्टेअरिंगचीच आहे

जुन्या अमेरिकन गाड्यांबद्दल कोकणातून आलेली पत्रं या महिन्यात एकत्र घेतोय. पत्रं लांब होती म्हणून थोडी छाटलीत, प्रश्न मात्र ज्याचे त्याचे तसेच आहेत.

देवगडहून एक वाचक: आमच्या घरी मांगरात आजोबांची डॉज किंग्सवे उभी आहे, आरसी बुकात १९५४ लिहिलंय. आजोबा आंब्याच्या धंद्यात होते, मुंबईहून गाडी घेऊन आले. बाबा गेल्यापासून कुणी चालवलेली नाही. मागच्या महिन्यात घाटावरचा एक व्यापारी बघून गेला, तो म्हणतो अमेरिकन गाडीचं स्टेअरिंग डावीकडे असतं, तुमचं उजवीकडे आहे म्हणजे कुणीतरी फिरवून घेतलंय, गाडी ओरिजिनल नाही, भंगारापेक्षा थोडे जास्त देतो. आई म्हणते देऊन टाक, जागा मोकळी होईल. खरंच फिरवलेली आहे का?

उत्तर: नाही हो, आणि कृपा करून त्या माणसाला अजून शब्द देऊ नका. तुमची गाडी बहुतेक कुर्ल्यात जुळलेली, म्हणजे बाहेरून आलेले भाग जोडून उभी केलेली आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, अमेरिकेच्या क्रायसलरशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लायमाउथ, डिसोटो या गाड्या जुळायला लागल्या, सगळ्या उजव्या स्टेअरिंगच्या, कारण त्या आपल्याच रस्त्यावर चालायच्या होत्या. डॉज किंग्सवे, प्लायमाउथ सॅवॉय, डिसोटो डिप्लोमॅट ही नावं तीन पण आतून गाडी एकच, पुढची जाळी आणि नावाच्या पट्ट्या तेवढ्या वेगळ्या. म्हणजे तुमची किंग्सवे ही अंगाने प्लायमाउथच आहे, अशी डॉज अमेरिकेतल्या शोरूममध्ये मिळतच नव्हती, ती बाहेरच्या देशांसाठीच होती. आता जी गाडी आपल्याच रस्त्यासाठी कुर्ल्यात जुळली तिचं स्टेअरिंग डावीकडे कशाला असेल ते त्या व्यापाऱ्यालाच विचारा.

आणि हे फक्त प्रीमियरचं नाही. फोर्डने १९२६ ला मुंबईत कंपनी उघडली, जनरल मोटर्सने (जीएम) १९२८ ला शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली, शेवरलेट तिथूनच बाहेर पडायच्या. फोर्डचा माल तर अमेरिकेतून नाही, कॅनडाहून यायचा. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना कॅनडाच्या मालावर जकात कमी लागायची, आणि यातल्या बऱ्याच देशांत गाड्या डावीकडून चालायच्या, म्हणून उजव्या स्टेअरिंगच्या अमेरिकन गाड्यांचं मोठं काम कॅनडाच्या कारखान्यांनी केलं. स्वातंत्र्यानंतर सरकारने सांगितलं की नुसत्या जुळवू नका, भाग इथेच बनवा, ते फोर्डला आणि जीएमला जमलं नाही, १९५३-५४ च्या सुमाराला दोघांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर आणि बंगालमधली हिंदुस्थान मोटर्स राहिल्या, हिंदुस्थान मोटर्सने पण काही काळ स्टुडबेकर जुळवलेली आहे. गोव्याच्या बाजूला जुनी गाडी बघितलीत तरी हेच, पोर्तुगालने १९२८ ला रस्त्याची बाजू बदलली पण गोव्याने बदलली नाही कारण शेजारी सगळा ब्रिटिश मुलूख डावीकडून चालणारा, त्यामुळे तिकडच्या गाड्या पण उजव्या स्टेअरिंगच्याच.

तरी खात्री करायची असेल तर बॅटरी टॉर्च घेऊन बोनेट उघडा. इंजिनामागचा जो पत्रा आहे त्याच्या डाव्या बाजूला वेल्डिंग करून बुजवलेली भोकं दिसतात का बघा, फिरवलेल्या गाडीत ती दिसतातच, वरून रंग मारला तरी आतून पॅसेंजरच्या पायाशी मॅटिंग उचललं की कळतं. कंपनीच्या गाडीत स्टेअरिंग बॉक्स चासीला जिथे बसतो तिथलं काम सरळ आणि स्वच्छ असतं, फिरवलेल्यात अँगलचे तुकडे जोडलेले असतात, काही देशांत तर डॅशबोर्डच्या खालून सायकलसारखी चेन टाकून स्टेअरिंग इकडून तिकडे नेलेलं आहे. स्टेअरिंगजवळच्या हातगिअरचा दांडा तुमच्या डाव्या हाताला पाहिजे. डॅशबोर्डचा पत्रा एकसंध पाहिजे, त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांचा डॅशबोर्ड मुद्दामच असा दोन्हीकडून सारखा ठेवलेला असायचा की मीटर एका बाजूला आणि कप्पा दुसऱ्या बाजूला, देशाप्रमाणे अदलाबदल करता यावी.

आईंना एवढंच सांगा की जागा मोकळी करायला गाडी विकावी लागत नाही, आणि विकायचीच झाली तर मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबमधल्या कुणा जाणकाराला आधी दाखवा, मग भाव ठरवा. माझं विचाराल तर विकू नका.

वेंगुर्ल्याहून एक वाचक: आमची पण किंग्सवे आहे, १९५३ ची. गावातल्या मिस्त्रीने नवीन बॅटरी लावली आणि दोन बल्ब फाटकन उडाले, आमीटरचा (करंट दाखवणारा) काटा उलटा पळतो. सेल्फ मात्र मस्त फिरला. काय झालं असेल?

उत्तर: मिस्त्रीने १२ व्होल्टची बॅटरी लावलीय आणि तीही उलटी. क्रायसलरच्या गाड्या १९५५ पर्यंत ६ व्होल्टच्या, आणि त्यांचं अर्थिंग पॉझिटिव्ह, म्हणजे बॅटरीचं प्लसचं टोक चासीला जातं. मिस्त्रीची चूक म्हणता येणार नाही, त्याने आयुष्यभर मायनस अर्थिंगच बघितलंय. सेल्फ १२ वर जोरात फिरतो म्हणून सगळे खूश होतात पण बल्ब, पेट्रोलचा काटा, कॉईल यांना तो दाब झेपत नाही. बॅटरी काढा, ६ व्होल्टची मागवा, प्लस चासीला लावा आणि उलटं लावून इंजिन चालवलं असेल तर डायनामोला पुन्हा योग्य पोलॅरिटी देऊन घ्या, जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनला हे काम दोन मिनिटांचं असतं.

आता लोक म्हणतात ६ व्होल्टवर सेल्फ उचलतच नाही. उचलतो, सत्तर वर्षं उचललाय. ६ व्होल्टला तेवढंच काम करायला दुप्पट करंट लागतो म्हणून केबल अंगठ्याएवढी जाड लागते, आणि आपल्याकडे दुकानात मिळेल ती मारुतीची बारीक केबल लावून ठेवतात, मग सेल्फ रडतो आणि दोष बॅटरीला. जाड तांब्याची केबल घ्या, इंजिन ते चासी वेगळी अर्थची पट्टी टाका, आणि प्रत्येक जोड घासून उघडा करून घट्ट आवळून वरून ग्रीस फासा. खाऱ्या हवेत अर्थच्या जोडाच्या आत हिरवट गंज धरतो तो वरून दिसत नाही, व्होल्टेज मात्र खातो. गाडी १२ व्होल्टवर कन्व्हर्ट करायचा सल्ला मी देणार नाही, आहे ते नीट केलं की पुरतं.

गुहागरहून एक वाचक: गाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असते. खाऱ्या वाऱ्यापासून वाचवायची कशी? कव्हर घालून ठेवलीय.

उत्तर: आधी ते प्लास्टिकचं कव्हर काढा, आज काढा. आपल्याकडे गाडी बाहेरून जेवढी गंजते त्याच्यापेक्षा कव्हरच्या आत कोंडलेल्या दमटपणाने जास्त गंजते. चिऱ्याचा मांगर आणि वर कौलं, दोन्ही बाजूंनी हवा खेळती, यासारखी गाडीची जागा नाही, सिमेंटच्या बंद गॅरेजपेक्षा शंभर पटीने बरी. फक्त जमीन मातीची असेल तर पावसाळ्यात ओल वर येते, तिथे लादी किंवा कोबा करून घ्या, नाही जमलं तर जाड ताडपत्री अंथरून वर फळ्या टाका. वर घालायचंच तर जुनी सुती चादर.

या गाड्यांचा पत्रा जाड आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण गंज जाड पत्र्याच्या मधे नाही, कडेला धरतो. दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात ती मातीने बुजतात, फुटबोर्डच्या आतला पोकळ भाग, डिक्कीत स्टेपनीखालचा खड्डा, पुढच्या काचेच्या रबराखालची पट्टी, इथे बघा. आगोटीच्या आधी, म्हणजे मे मध्येच, ही भोकं तारेने मोकळी करून आत पातळ तेल सोडायचं, पूर्वी ड्रायव्हर लोक वापरलेलं इंजिन ऑइल मारायचे, आता मेणाचा स्प्रे मिळतो तो चांगला, रबराला खात नाही.

आणि फेरी बोटीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून सांगतो. दाभोळ-धोपावे असो की जयगड-तवसाळ, भरतीच्या वेळी उताराची जागा ओली असते आणि चाकं खाऱ्या पाण्यातून जातात. पलीकडे पोचलात की पहिली विहीर किंवा नळ दिसेल तिथे गाडीखाली गोडं पाणी मारा, पाटे, ब्रेकचे ड्रम, हँडब्रेकची केबल, सायलेन्सर. हे त्याच दिवशी व्हायला पाहिजे, घरी जाऊन उद्या बघू म्हणालात की मीठ आपलं काम सुरू करतं.

ब्रेक ऑइल दरवर्षी बदला. साधं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि आपल्याकडे हवेतच पाणी आहे, मग सिलिंडर आतून गंजतात. क्रायसलरच्या या गाड्यांना त्या काळातसुद्धा हायड्रॉलिक ब्रेक होते पण सर्किट एकच, एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. घाट उतरणाऱ्या माणसाने याबाबतीत कंजुषी करू नये.

रत्नागिरीहून एक वाचक: आमची प्लायमाउथ आंबा घाट चढताना निम्म्यात गरम होते आणि बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. रेडिएटर नवीन केला, पाण्याचा पंप नवीन केला. फरक नाही. नव्या पेट्रोलमुळे आहे का?

उत्तर: दोन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही एकच समजताय.

गरम होण्याचं आधी. तुमच्या सहा सिलिंडरच्या फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेल्या) इंजिनात पाण्याच्या पंपामागे ब्लॉकच्या आत एक लांब चपटी नळी असते, तिला भोकं असतात, तिचं काम पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत पोचवायचं. ती पत्र्याची असते आणि वर्षानुवर्षं विहिरीचं नुसतं पाणी ओतलं की सडते. सडली की पुढचे सिलिंडर गार आणि मागचे तापलेले, रेडिएटर कितीही नवीन असू दे. तुम्ही पंप बदललात तेव्हा ती नळी समोरच होती, मिस्त्रीला माहीत नसल्यामुळे राहिली. रेडिएटर काढा, पंप काढा, वाकड्या सळईने ती हळूहळू ओढा, बऱ्याचदा तुकड्या-तुकड्याने येते आणि एक अख्खा दिवस जातो, पण सगळी काढाच. नवीन नळी अमेरिकेहून मिळते, पितळेची पण मिळते, पितळेचीच घ्या. ती बाहेर आहे तोवर ब्लॉकच्या तळाला साचलेला गाळ पण धुवून घ्या. पुढे नुसतं पाणी कधीच घालू नका, कूलंट घाला, आणि ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून.

बंद पडून आपोआप चालू होणं हे पेट्रोलची वाफ होण्याचं लक्षण आहे. पेट्रोलचा पंप इंजिनलाच लागून, वर घाटातला फर्स्ट-सेकंड गिअर, हवा कमी, पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसता हवा ढकलतो. आता बाहेर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याने हे वाढलंय हे खरं आहे. जुने टॅक्सीवाले इंजिनाच्या या पंपावर ओलं फडकं टाकायचे, आजही ते चालतं. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांब वळवा. पण इथेनॉलचा खरा त्रास दुसराच, ते जुनं रबर खातं आणि पाणी ओढून घेतं. पंपाच्या आतला पडदा आणि रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे बसवा, आणि पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी कार्बोरेटरसकट रिकामी करून ठेवा. ऑक्टेनची काळजी करू नका, या इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी आहे, साधं पेट्रोल भरपूर झालं. शिशाशिवायच्या पेट्रोलने व्हॉल्व्ह जातील असंही कुणीतरी घाबरवेल, क्रायसलरने या इंजिनांत एक्झॉस्टच्या सीट पहिल्यापासूनच कडक धातूच्या घातलेल्या आहेत.

याच प्रश्नात सावंतवाडीच्या एका वाचकांनी शेवरलेटबद्दल विचारलंय, १९५० ची. त्यांना वेगळं सांगायला हवं. तुमच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला ऑइल प्रेशरने जात नाही, रॉडच्या खालच्या चमच्याने उडवलं जातं, आणि बेअरिंग व्हाइट मेटल ओतलेलं असतं. आंबोली उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिन किंचाळेपर्यंत सोडू नका, आधीच हळू व्हा. हे इंजिन ताशी ४५-५० मैलांच्या चालीत आनंदाने दिवसभर जातं.

चिपळूणहून एक वाचक: डावीकडच्या चाकाचे नट काही केल्या सुटत नाहीत, एक तुटला. आणि मागचा ड्रम निघत नाही, हातोडीने ठोकून बघितलं.

उत्तर: थांबा, ठोकू नका. क्रायसलरच्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्याचे असतात, आपण सोडवायला जातो आणि ते आवळत जातात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा, सुटतील. मागचा हब टेपर एक्सलवर चावीने बसवलेला आहे, त्याला मोठा स्क्रूचा पुलर लागतो, लेथवाल्याकडून करून घेता येतो. एक्सलच्या टोकाचा नट पूर्ण काढू नका, थोडा सैल करून ठेवा, नाहीतर हब सुटतो तेव्हा उडून अंगावर येतो. आणि पाने इंचाचे घ्या, मिलिमीटरच्या पान्याने नटांचे कोपरे गोल होतात, मग तुमच्यासारखे तुटतात.

मालवणहून एक वाचक: स्टेअरिंगमध्ये खूप प्ले आहे. अमेरिकेतल्या मामेभावाला सांगितलं तर त्याने स्टेअरिंग बॉक्स पाठवला, तो बसतच नाही.

उत्तर: कसा बसेल, तो डाव्या बाजूचा आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेकचे सिलिंडर, पाण्याचा पंप, बेअरिंग, हे सगळं अमेरिकेहून मागवा, उत्तम मिळतं. पण स्टेअरिंग बॉक्स, त्याचा खालचा दांडा, पेडलची जोडणी, गिअरच्या सळया, डॅशबोर्ड, हे आरशात बघितल्यासारखं उलटं आहे. त्यासाठी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथे शोधा, तिकडे पण याच गाड्या उजव्या स्टेअरिंगच्या चालल्यात आणि लोकांनी जपून ठेवल्यात. भावाने पाठवलेला बॉक्स फेकू नका, आतल्या बेअरिंग, सील उपयोगी पडतील.

पण माझं ऐकाल तर आधी बॉक्स बदलायचं मनातून काढा. प्ले बऱ्याचदा बॉक्समध्ये नसतो, किंगपिनच्या (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिच्या) बुशमध्ये आणि टायरॉडच्या (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या) टोकांत असतो, वर्षानुवर्षं ग्रीस न मारल्यामुळे. एकाने स्टेअरिंग हलवायचं, दुसऱ्याने गाडीखाली झोपून कुठला जोड रिकामा हलतोय ते हाताने बघायचं. किंगपिनचे बुश चांगला लेथवाला बनवून देतो. हेडलाइट पण बघून घ्या, अमेरिकेहून आलेले असतील तर त्यांचा डिपर उजवीकडे जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात घुसतो. सात इंची गोल हेडलाइट आपल्याकडे कुठल्याही दुकानात मिळतो, डावीकडे पडणारा, फक्त बल्ब तुमच्या व्होल्टेजचा घाला.

अलिबागहून एक वाचक: काकांनी टॅक्सीसाठी डॉजमध्ये मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलेलं. आता व्हिंटेज नंबर घ्यायचाय, मिळेल का?

उत्तर: या इंजिनावर नाही मिळणार. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला, त्यात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात असलेली गाडी व्हिंटेज धरतात. अर्ज परिवहन पोर्टलवर, नवीन नोंदणीला २० हजार रुपये फी, नंतरच्या नोंदणीला ५ हजार, नंबरात व्हीए अक्षरं येतात. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, तो ठेवाच.

पण काकांचं मूळ इंजिन कुठे गेलं त्याची चौकशी करा. खूप घरांमध्ये ते विकलेलं नसतं, मांगराच्या कोपऱ्यात नाहीतर पाण्याच्या पंपाला जोडलेलं सापडतं. सापडलं तर परत बसवा, आरसी बुकातला इंजिन नंबर आणि इंधनाची नोंद आरटीओत दुरुस्त करून घ्या, मग अर्ज करा.

मुरुडहून एक वाचक: व्हिंटेज नंबर घेतल्यावर लग्नाला भाड्याने देता येते का?

उत्तर: नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते, धंदा करता येत नाही. घरच्या लग्नात बाहेर काढायची असेल तर नेहमीच्या नोंदणीवर ठेवा.

राजापूरहून एक वाचक ताई: बाबांची प्लायमाउथ मला चालवायला शिकायचीय. भाऊ म्हणतो तुला झेपणार नाही, स्टेअरिंग जड आहे. मी स्विफ्ट रोज चालवते.

उत्तर: ताई, झेपेल. स्टेअरिंग जड आहे ते फक्त उभ्या गाडीत. गाडी एवढीशी हलली की त्या मोठ्या चाकाने आपोआप हलकं होतं, म्हणून उभ्या जागी कधीच फिरवू नका, आधी हळूच पुढे घ्या आणि मग वळवा. टायरमध्ये हवा बरोबर आणि पुढचे जोड ग्रीस केलेले पाहिजेत, भावाला आधी ग्रीसगन आणायला सांगा.

गिअर तीनच आहेत, डाव्या हाताशी. फर्स्ट स्वतःकडे ओढून खाली, सेकंड पुढे ढकलून वर, थर्ड तिथूनच सरळ खाली, रिव्हर्स स्वतःकडे ओढून वर. फर्स्टला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअरचे दाते जुळवून घेणारी सोय) नाही, म्हणून चालत्या गाडीत फर्स्ट टाकू नका, कर्रकन आवाज येईल. पूर्ण थांबा आणि मगच फर्स्ट. सेकंडमधून गाडी अगदी सावकाशीतून उचलते, बाजारातून जाताना सेकंडच पुरतो. ब्रेक स्विफ्टसारखा लगेच लागणार नाही, पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा. आरसा एकच असेल तर डाव्या बाजूला दुसरा लावून घ्या.

सुरुवात सड्यावर करा, मोकळ्या सपाट रस्त्यावर, सकाळी लवकर, बाबांना शेजारी बसवून. गाडी त्यांची आहे, कुठला गिअर कुठे अडकतो ते त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नसणार.